शार्कचा पिंजरा आणि टर्शियसचा चिमटा

मार्लीझला पिंजरा मी करून देतो, हे वाक्य मी जेवता जेवता बोलून गेलो. मटण दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं, आणि पोट भरलं की आपल्या हातून होणार नाही असं जगात काही उरलेलं नाही, असं मला वाटू लागतं. माझी सगळी संकटं जेवणानंतरच्या अर्ध्या तासात जन्माला येतात, असं माझी बायको रेन्शिया म्हणते. म्हणून ती मला जेवल्याबरोबर भांडी पुसायला उभं करते. त्या दिवशी पाहुणी होती, म्हणून मी मोकळा सापडलो.

पाहुणी म्हणजे ही मार्लीझच. रेन्शियाची चुलत बहीण. आमच्या रॉयबाय या समुद्रकाठच्या गावात तिची एक बोट आहे. लांबलांबच्या देशांतले लोक पैसे मोजून येतात, रबरी पोशाख चढवतात आणि मार्लीझ त्यांना बोटीच्या कडेला बांधलेल्या पिंजऱ्यात घालून समुद्रात सोडते. मग शार्क येऊन त्यांच्याकडे बघतो. निम्म्या गावाचा संसार या बघण्यावर चालतो. पण मागच्या साली शार्कांना खाणारे दोन किलर व्हेल खाडीत येऊन गेले आणि शार्कांनी गाव सोडलं. तेव्हापासून जर्मनीहून आलेला माणूस पिंजऱ्यात तासभर कुडकुडतो, शेवाळाची एक फांदी पाहतो आणि वर येऊन चहा मागतो.

"त्यात पिंजरा गंजला," मार्लीझ म्हणाली. "नवा मागवला तर पुढच्या हंगामाला मिळणार. या हंगामात एक जरी शार्क दिसला नाही, तर बोट विकते आणि केपटाउनला जाऊन लोकांचे कुत्रे फिरवते."

ती हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. ती बोट तिच्या वडिलांची. मला वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याच्या भरात मी ते वाक्य बोललो.

"लोखंडाचंच काम ना? मी देतो की करून."

रेन्शियाने चमचा खाली ठेवला. "ओकर्ट, ब्लूमफाँटेनच्या शाळेत तू पोरांना फाटकं करायला शिकवायचास."

"फाटकात आणि पिंजऱ्यात फरक काय? फाटक चारी बाजूंनी लावलं की झाला पिंजरा."

"बघा हं दाजी," मार्लीझ म्हणाली. "आमच्यात एक रीत आहे. पिंजरा ज्याने केला, पहिल्यांदा आत त्याने उतरायचं."

"उतरेन की!"

"तुला पोहता येत नाही," रेन्शिया म्हणाली.

"पिंजऱ्यात कोण पोहतं?"

वादात मी जिंकलो, असं मी त्या क्षणी समजलो.

आता खरं कारण सांगतो. आम्ही इथे राहायला आलो त्याला दशक उलटून गेलं, पण अजून मी गावाच्या लेखी 'वरचा'. वरच्या मुलखातला, समुद्र नसलेल्या माळावरचा. इथे गावात शनिवारी संध्याकाळी ब्राय असतो. म्हणजे अंगणात लाकडं पेटवायची, निखारे पडू द्यायचे, त्यावर मेंढीचे चॉप आणि सॉसेज भाजायचं, आणि बाप्ये मंडळींनी बिअर हातात धरून भोवती उभं राहून सल्ले द्यायचे. सल्ला कुणीही द्यावा, पण चिमटा एकाच्याच हातात. ज्याचा विस्तव त्याचा चिमटा. दुसऱ्याच्या चिमट्याला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या बायकोला फिरायला चल म्हणण्यासारखं आहे. आमच्या गल्लीत हा चिमटा शेजारच्या टर्शियस ग्रूनवाल्डच्या हातात असतो. मी इथे आलो त्या वर्षी हौसेने सगळ्यांना बोलावलं आणि दुकानातल्या कोळशाच्या वड्यांवर ब्राय केला. लाकूड सोडून कोळशाच्या वड्या! अजून कुणाच्या मयताला लोक जमले की ती गोष्ट निघते. तेव्हापासून शनिवारी मी गेलो की टर्शियस एवढंच म्हणतो, "आलास, वरच्या? सॅलडचं बघ जरा." मग मी आत जाऊन बायकांबरोबर बटाट्याचं सॅलड कालवतो. माणसाला आयुष्यात फार काही नको असतं. मला एकदा, फक्त एकदा, या गावात चिमटा हातात धरायचा होता. शार्कचा पिंजरा करून दाखवला तर कोण मला वरचा म्हणेल, असा माझा हिशेब होता.

काम परसात सुरू केलं. पहिली सळई कापली आणि समोरच्या हेस्टर मावशी काठी टेकत हजर.

"मेल्या, ही माझी झोपेची वेळ आहे! काय करतोयस?"

"शार्कचा पिंजरा, मावशी."

"घरात पाळणार?"

"नाही हो. माणसांसाठी आहे."

"मग दार मोठं ठेव. हल्लीची माणसं फार खातात." आणि त्या खुर्ची मागवून तिथेच बसल्या. रोज येऊ लागल्या. झोप तिथेच काढायच्या, मशीन बंद पडलं की जाग्या व्हायच्या आणि 'का थांबलास?' म्हणून विचारायच्या.

टर्शियस मात्र कधी अंगणात आला नाही. आमच्या दोघांमध्ये सिमेंटच्या पाट्या खाचांत बसवून उभी केलेली भिंत आहे. ती त्याने स्वतः उभारली आहे आणि तिच्यावर त्याचा मुलांपेक्षा जास्त जीव आहे. त्या भिंतीवरून त्याचं डोकं हनुवटीपर्यंत दिसायचं. जन्मभर विमा विकल्यामुळे त्याला कुठल्याही वस्तूत आधी माणूस कसा मरेल ते दिसतं.

"तुझं काम आहे. मी काय बोलणार?" तो म्हणायचा, आणि मग अंधार पडेपर्यंत बोलायचा. सळया जवळ आहेत, माणसाला बाहेर बघता येणार नाही. सळया लांब आहेत, शार्कला आत बघता येईल. उंची कमी वाटते. मी उंची वाढवली. आता जास्त वाटते. पण तोवर जोड मारून झाले होते.

वाढलेल्या उंचीनेच पुढचा घोटाळा केला. पिंजरा भिंतीच्या वर दिसू लागला, आणि भिंतीच्या वर जे दिसतं ते म्युनिसिपालटीला दिसतं. नकाशा मंजूर नसलेलं बांधकाम पाडून टाका, अशी नोटीस आली. मी नवा शर्ट घालून कचेरीत गेलो. खिडकीमागे अपॉलिसबाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला.

"हे बांधकाम नाही हो बाई. पिंजरा आहे."

"कसला? पक्ष्यांचा की कुत्र्याचा?"

"माणसांचा."

त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "सर, माणसांचा पिंजरा आमच्या यादीत नाही. कबुतरखाना आहे, गाडीची शेड आहे, पोरांचं झाडावरचं घर आहे. सगळ्यांना नकाशा लागतो, आणि नकाशाला निदान सहा महिने."

"सहा महिन्यांत माझी मेहुणी केपटाउनला कुत्रे फिरवत असेल हो!"

का कोण जाणे, हे ऐकून त्या विरघळल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नकाशा एकाच गोष्टीला लागत नाही. ब्रायच्या जागेला. कितीही मोठी असू दे. या देशात ब्रायवर बंदी घालणारा साहेब अजून जन्माला यायचाय. लोखंडी आहे ना? सळया आहेत ना? मग लिहा, ब्राय."

मी लिहिलं. ओकर्ट लाटेगान, ब्राय एक, मोठा. सरकारी कागदावर माझ्या नावापुढे तो शब्द पाहून मला भरून आलं, हे कबूल करतो. पण दरवाजापर्यंत पोचतो तोच बाई मागून म्हणाल्या, "शनिवारी इन्स्पेक्टर येऊन बघेल हां. चालू स्थितीत पाहिजे."

चालू स्थितीत म्हणजे पेटलेला. दुसरा अर्थ निघण्यासारखा नव्हता. मी वरच्या मुलखातून भावाकडून अख्खी मेंढी मागवली, पिंजरा विटांवर आडवा निजवला आणि सगळ्या गल्लीला आवतण दिलं. लाकडं आणायला निघालो, तेवढ्यात भिंतीवरून एक ओंडका धपकन माझ्या पायाशी पडला. मग दुसरा.

"कोळशाच्या वड्या आणल्यास तर मी घर विकून जाईन," टर्शियसचं डोकं म्हणालं. "हे माझं लाकूड घे."

मला वाटलं, अखेर! पण विस्तव पेटला तसा टर्शियस फाटकातून आत आला. अंगावर ब्रायचा एप्रन, आणि हातात स्वतःचा लांब दांड्याचा चिमटा.

"टर्शियस, ब्राय माझा आहे."

"लोखंड तुझं आहे. लाकूड कुणाचं? ज्याचं लाकूड त्याचा विस्तव, ज्याचा विस्तव त्याचा चिमटा. सॅलडचं बघ जरा."

माझ्या अंगणात, माझ्या पिंजऱ्यावर, माझ्या भावाची मेंढी भाजली जात होती, आणि मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो. रेन्शियाने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे," ती म्हणाली. मी म्हटलं, मला काही वाटलेलं नाही, कांद्यामुळे डोळ्यांना पाणी आलंय. कांदा अजून चिरलेलाच नव्हता.

इन्स्पेक्टर आला. जाडा, गंभीर माणूस. पिंजऱ्याला फेरी मारली, सळया मोजल्या, वाकून आत पाहिलं. चरबी टपटप निखाऱ्यांवर पडत होती आणि सळयांवरून ओघळून कोपऱ्याकोपऱ्यात मुरत होती. टर्शियसने त्याला एक चॉप दिला. मग दुसरा. सॉसेजचं वेटोळं संपल्यावर त्याने तोंड पुसलं आणि निकाल दिला, "ब्रायच आहे. पण झाकणाला बाहेरून कडी कशाला?"

"मांस पळून जाऊ नये म्हणून," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. मीही हसलो. तेव्हाच नीट विचार करायला हवा होता. पण मी आयुष्यभर शेतांची फाटकं केली होती, आणि फाटकाची कडी बाहेरून असते, कारण मेंढरं आत असतात. पिंजऱ्याच्या छताला वर उघडणारं झाकण केलं तेव्हा माझ्या हातांनी मला न विचारता तीच कडी लावली. माणसाला आतून बाहेर यायचं असू शकतं, हा विचार आमच्या मुलखात फाटक करणाऱ्याला शिवतच नाही.

जेवणाने एक मात्र फायदा झाला. पिंजरा परसातून बाहेर निघत नव्हता, घराच्या कडेची वाट अरुंद. मी लाजत टर्शियसच्या भिंतीकडे पाहिलं. तो चांगला जेवला होता. स्वतःच्या हाताने सिमेंटच्या पाट्या एकेक करून खाचेतून उपसू लागला. "तुझ्यासाठी नाही," तो म्हणाला. "मेंढीसाठी." त्याच्या अंगणातून पिंजरा ट्रेलरवर चढला. मी तो धुतला, पण रोजच्यासारखी वीज गेलेली होती आणि गार पाण्याने मेंढीची चरबी कधी निघाली आहे?

पुढच्या शनिवारी आम्ही समुद्रावर गेलो. बोटीवर मार्लीझ, काही जर्मन पाहुणे आणि नियम पाळले जातात की नाही बघायला मत्स्य खात्याचा एक माणूस. त्याने हवेत नाक फिरवलं.

"आमिषात मटण आहे का? आमिष फक्त माशांचं चालतं."

"आमिषात नाही," मार्लीझ म्हणाली. "पिंजऱ्यात आहे."

त्याने नियमांची चोपडी उलटीपालटी केली. पिंजऱ्याच्या चवीबद्दल तिच्यात काही लिहिलेलं नव्हतं.

मला रबरी पोशाखात चार माणसांनी कोंबलं. ते करताना जर्मन बायकांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. मग मी आत उतरलो आणि मार्लीझने वरून झाकण लावलं. कडी खट्ट वाजली. इथे पाणी इतकं गार असतं की आधी पाय जातात, मग स्वाभिमान जातो. डोकं पाण्याच्या वर ठेवायचं, आणि वरून 'खाली!' अशी आरोळी आली की श्वास धरून बुडी मारायची आणि बघायचं, एवढंच काम. मी सळया धरून उभा राहिलो. शेवाळाची फांदी आली. मी तिला नमस्कार केला.

आणि मार्लीझ ओरडली, "खाली! दाजी, खाली!"

मी बुडी मारली, डोळे गच्च मिटून. वर आलो. पुन्हा "खाली!" पुन्हा डोळे मिटून. तिसऱ्या वेळी मात्र पिंजरा हलला. कुणीतरी त्याला अंग घासत होतं. मला वाटलं, आता मरायचंच आहे तर निदान कुणाच्या हातून मरतोय ते बघावं. मी डोळे उघडले.

तो शार्क माझ्यासमोर होता. पांढरा, आमच्या भिंतीएवढा लांब. त्याने सळईला तोंड लावलं, जरा मागे गेला, पुन्हा आला. चाटत होता म्हणा ना. त्याचा काळा डोळा माझ्यावरून फिरला, शाळेत तपासणीला आलेल्या साहेबासारखा, आणि मी नापास झाल्यासारखा पुढे सरकला. मेंढीत त्याला रस होता, माझ्यात नव्हता. मी इतका घाबरलो होतो की भीती कुठे संपते ते मला सापडेना, आणि तरी मनात आलं, किती सुंदर आहे हा. त्याच्या मागून दुसरा आला.

वर जर्मन पाहुणे टाळ्या वाजवत होते. मार्लीझ बोटीच्या कठड्यावर डोकं टेकून रडत होती. खात्याचा माणूस चोपडी विसरून फोटो काढत होता. असा आनंद त्या बोटीवर बऱ्याच काळात झाला नव्हता, आणि तो पाहून मी म्हणालो, "आता मला वर घ्या."

कडी उघडेना.

चरबी होती ती. बर्फगार पाण्यात कडीच्या खोबणीत दगडासारखी गोठली होती. मार्लीझने ओढून पाहिलं. दोन जर्मन पुढे आले, त्यांनीही पाहिलं. कुणीतरी थर्मासमधली कॉफी ओतली. ती कडीवरून घसरून माझ्या डोक्यावर पडली आणि, खरं सांगतो, फार बरं वाटलं.

"हातोड्याने ठोका!" मी ओरडलो.

"नाही हां दाजी!" मार्लीझ म्हणाली. "या पिंजऱ्याला कुणी हातोडा लावायचा नाही. हा लकी आहे."

"आणि मी?"

"तुम्ही बसा ना आत. काही घाई आहे का?"

शेवटी मला पिंजऱ्यासकट उचलून बोटीवर घेतलं, बोटीवरून धक्क्यावर, धक्क्यावरून ट्रेलरवर. गावातून मिरवणूक निघाली. शनिवार दुपार, चर्चपुढे बाजार भरलेला. मी रबरी पोशाखात, हात सळयांत, केसांत कॉफी. मान ताठ ठेवली. आमचे पाद्री केकच्या टेबलामागून बाहेर आले, मला पाहून त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "लाटेगान, काय केलंस रे?" मी म्हणालो, "फाटक केलं." दुसरं काही सुचलं नाही.

घरी ट्रेलर टर्शियसच्या अंगणातूनच परसात नेऊन लावला. वीज नव्हती, म्हणजे कापायचं मशीन नाही आणि पाणी तापवायची किटलीही नाही. हेस्टर मावशी खुर्ची घेऊन आल्या.

"पिंजरा छान झालाय रे," त्या म्हणाल्या. "आतला मासा काही खास नाही."

रेन्शिया सळईतून माझा हात धरून उभी होती. "तू ठीक आहेस ना?" ती विचारत होती, आणि मी कुडकुडत म्हणत होतो, "दोन होते, रेन्शिया. दोन. त्याने चाटलं." माझे दात इतके वाजत होते की तिला निम्मं कळलं नसेल.

भिंतीच्या पाट्या अजून बसवलेल्या नव्हत्या. त्या मोकळ्या जागेतून पलीकडे टर्शियसचा विस्तव दिसत होता, निखारे लालभडक पडलेले, भोवती सगळी गल्ली. तो एकदा माझ्याकडे, एकदा कडीकडे बघत राहिला. मग फावडं घेतलं, निखाऱ्यांचा मोठा ढीग उचलला आणि भिंतीच्या खिंडारातून माझ्या अंगणात आला. निखारे त्याने ट्रेलरच्या कडेला जुन्या घमेल्यात ओतले. मग चिमटा काढला, त्यात एक रसरशीत निखारा धरला आणि हात कडीकडे नेला. अर्ध्यातच थांबला.

"काय झालं?" मार्लीझने विचारलं.

टर्शियस विचारात पडला होता. विमा विकताना त्याने कधी नियम मोडला नव्हता, असं तो नेहमी सांगतो.

"म्युनिसिपालटीत हा ब्राय कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या," मी म्हणालो.

"इन्स्पेक्टरने पास केला?"

"तुझ्यासमोर."

"मग हा माझा ब्राय नाही. दुसऱ्याच्या ब्रायवर मी चिमटा कसा चालवू?" त्याने निखारा घमेल्यात ठेवला, चिमटा उलटा केला आणि त्याचा दांडा सळयांमधून आत सरकवला. "घे. तुझा आहे, तूच बघ."

मी चिमटा घेतला. सळयांतून हात बाहेर काढून मी निखारा उचलला आणि वर कडीला टेकवला. एक गेला, दुसरा लावला. चरबी सुटू लागली, थेंबथेंब खाली पडू लागली, आणि परसात मेंढीचा तोच वास दरवळला. बाप्ये मंडळी बिअर हातात घेऊन पिंजऱ्याभोवती जमली. एक म्हणाला, जरा डावीकडे धर. दुसरा म्हणाला, घाई करू नकोस. तिसरा म्हणाला, आमच्याकडे आधी वारा बघतात. चिमट्याला कुणी हात लावला नाही.

कडी सरकली. रेन्शियाने झाकण उचललं. "चल, बाहेर ये आता."

मी बाहेर आलो नाही. घमेल्यातले निखारे फार छान पडले होते, असे निखारे वाया घालवायचे नसतात. मी म्हणालो, ती जाळी इकडे द्या, चॉप आणा. माणसं पळाली. टर्शियस रिकाम्या हातांनी उभा होता, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"टर्शियस," मी पिंजऱ्यातून म्हणालो, "सॅलडचं बघ जरा."

तो आत गेला.